युद्धाचं पुस्तक निवडताना आधी रसद बघावी

वाचनालयात जाऊन ‘युद्धावरचं एखादं चांगलं पुस्तक द्या’ म्हटलं, की समोर येणारी नावं बहुधा ठरलेली असतात. विश्वास पाटलांची ‘पानिपत’, वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’, वि. स. वाळिंब्यांचं ‘हिटलर’. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या या पुस्तकांवर पोसल्या आणि ती वाचलीच पाहिजेत. पण त्याच वाटेने जाणारा वाचक पुष्कळदा सेनापतींच्याच सहवासात राहतो. सैन्य म्हणजे नकाशावर सरकणारा बाण नव्हे, हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणून युद्धाचं पुस्तक हातात घेतलं की मी आधी बघतो ते एवढंच: यातलं सैन्य जेवतं का? घोड्यांची चंदी, वैरण कुठून येते? पगार थकला की शिपाई काय करतो? जखमीला कोण उचलतं आणि कुठे नेतं? याची उत्तरं ज्या पुस्तकात सापडतात, त्यात लढाईही खरी उतरते.

सोलापूरच्या वाचकाला यासाठी फार लांब जायला नको. मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेकाठी माचणूर आहे. सिद्धेश्वराचं देऊळ, घाट आणि शेजारी किल्ल्याची तटबंदी. त्याला लागूनच ब्रह्मपुरी. या ब्रह्मपुरीला औरंगजेबाने १६९५ ते १६९९ अशी चारएक वर्षं आपली मुख्य छावणी ठेवली होती आणि तिचं नाव इस्लामपुरी केलं होतं. एवढ्या अफाट साम्राज्याचा कारभार तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या एका नदीकाठावरून चालला होता. सहलीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

ती छावणी कशी असेल हे कळायला जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी वाचावा. मार्च १६९५मध्ये तो कृष्णाकाठच्या गलगल्याला बादशहाला भेटला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तोच पसारा ब्रह्मपुरीला आला. कारेरी आकडे देतो: घोडदळ ६०,०००, पायदळ १,००,०००, उंट ५०,०००, हत्ती ३,०००, बाजार २५० आणि सगळी मिळून माणसं पाच लाख. आकडे ऐकीव असणार, थोडे फुगलेलेही असतील. पण त्यातलं प्रमाण बघण्याजोगं आहे. लढणाऱ्या एकामागे न लढणारे दोन! मोतद्दार, पाणके, लोहार, वाणी, कलावंतिणी, भिकारी, बायकापोरं. ‘बाजारबुणगे’ म्हणून आपण ज्यांना हिणवतो, त्यांच्याशिवाय बादशहाची फौज एक मजल पुढे सरकत नव्हती. आणि या सगळ्यांना दाणा पुरवायचे ते बैलांच्या पाठीवर गोण्या लादून चालणारे बंजाऱ्यांचे तांडे. सुरेंद्रनाथ सेन यांनी संपादित केलेल्या ‘इंडियन ट्रॅव्हल्स ऑफ थेव्हेनॉट अँड कारेरी’ (१९४९) या ग्रंथात ही हकीकत आहे.

कारेरी पाहुणा होता. आतल्या माणसाचं ऐकायचं तर भीमसेन सक्सेना गाठावा. हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ. दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून त्याने उभी हयात दक्षिणेच्या मोहिमांत घालवली आणि म्हातारपणी फारसीत ‘तारीख-ए-दिल्कुशा’ लिहिली. तिचं जदुनाथ सरकारांनी केलेलं इंग्रजी भाषांतर महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याने १९७२ साली छापलं. भीमसेन दरबारी इतिहासकार नव्हता, त्यामुळे बादशहाला बरं वाटेल असं लिहायचं बंधन त्याच्यावर नव्हतं. जहागीर कागदावर मिळते पण तिचं उत्पन्न हाती पडत नाही, मग मनसबदार ठरलेले स्वार कसे बाळगणार? वाटा मराठ्यांनी अडवल्या, धान्य महागलं, माणसं वर्षानुवर्षं घराबाहेर पडलेली. साम्राज्य कसं खचतं हे इथे कळतं, आणि तेही जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाच्या तोंडून. माझ्या मते लष्करी जीवनावरचं, आपल्या मातीत घडलेलं, इतकं सच्चं दुसरं पुस्तक क्वचितच असेल.

याच काळातली एक रात्र सांगतो. ऑक्टोबर १७००. छावणी सांगोल्याकडच्या खवासपूरला, माण नदीच्या पात्रात आणि दोन्ही काठांवर पसरलेली. माणदेश म्हटलं की आपल्यासमोर दुष्काळ उभा राहतो, पण त्या रात्री वर कुठेतरी कोसळलेल्या पावसाचा लोंढा मध्यरात्री छावणीत घुसला. तंबू, जनावरं, झोपेतली माणसं वाहून गेली. आरडाओरडा ऐकून मराठेच छावणीत शिरले असं बादशहाला वाटलं. घाईने उठून बाहेर पडताना तो अडखळला, गुडघा निखळला आणि उरलेलं आयुष्य तो लंगडत चालला. आलमगिराच्या पायाला झालेली ही इजा कुठल्या तलवारीची नव्हती. तळ कुठे टाकावा या साध्या लष्करी प्रश्नाचं उत्तर चुकलं, एवढंच. जिंजी, रायगड, सातारा यांचे वेढे आपण पाठ करतो. खवासपूर मात्र सांगोल्याच्या शाळेतल्या मुलांनाही सांगितलं जात असेल का, अशी मला शंका आहे.

फारसी साधनं मराठीत आणण्याचं डोंगराएवढं काम सेतुमाधवराव पगडींनी केलं. त्यांची ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ अधूनमधून उघडून वाचावीत. सलग वाचायचं ते पुस्तक नव्हे. कोण हजर झाला, कुणाची बदली झाली, कुठल्या वाटेवर मराठे दिसले, अशा रोजच्या नोंदी. चार-पाच पानं वाचली की छावणीतला दिवस कसा जात असेल ते आपोआप उमगायला लागतं.

मराठ्यांच्या स्वतःच्या छावणीचं असं चित्र हवं असेल तर मात्र एका गोऱ्या साहेबाकडे जावं लागतं. थॉमस ब्रॉटन हा १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्करासोबत होता, रेसिडेंटाच्या रक्षकदलाचा प्रमुख म्हणून. तिथून त्याने लिहिलेली पत्रं १८१३मध्ये पुस्तकरूपाने निघाली. होळीचा रंग, बाजार, कूच करतानाचा गोंधळ आणि थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या दारात धरणं धरून बसलेले शिपाई, सगळं त्यात आहे. साहेबी तुसडेपणाही पानोपानी आहे, तो बाजूला काढूनच वाचावं. ब्रॉटन त्या छावणीत होता त्यानंतर नऊच वर्षांनी, २० फेब्रुवारी १८१८ला, आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. इंग्रजांच्या या मोहिमेची लष्करी हकीकत व्हॅलेंटाइन ब्लॅकरने १८२१ साली लिहिली. पुस्तक कोरडं आहे, पण नकाशे आणि मजलांचा हिशेब यासाठी चाळून बघावं.

आता पानिपत. विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ची. ती कुणी वाचू नये असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळे लाखो वाचकांना मराठ्यांचा सेनापती भाऊसाहेब हा माणूस म्हणून कळला. पण कादंबरी मिटल्यावर तिथेच थांबू नये. त्र्यं. शं. शेजवलकरांचा पानिपतावरचा ग्रंथ घ्यावा, आणि हिंमत असेल तर राजवाड्यांनी १८९८मध्ये छापलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड. त्यातली भाऊसाहेबांची, उत्तरेतून पैसा आणि रसद पुरवणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांना गेलेली पत्रं वाचताना घशाला कोरड पडते. पैसा पाठवा, शत्रूची रसद तोडा, या मागण्या पुन्हा पुन्हा, दरवेळी अधिक निकडीने. डिसेंबर १७६०मध्ये गोविंदपंत मारले गेले, तो दोरही तुटला आणि १४ जानेवारीला उपाशी सैन्य मैदानात उतरलं. जे व्हायचं त्याची अर्धी हकीकत त्या पत्रांतच येऊन गेलेली असते. पलीकडच्या बाजूने बघायचं तर काशिराज पंडित आहे. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या नोकरीत होता आणि दोन्हीकडची बोलणी त्याने जवळून पाहिली होती.

मराठीत लिहिलेलं युद्धाचं पहिलं पुस्तक म्हणून मी नेहमी ज्याची शिफारस करतो, ते एका भिक्षुकाचं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरचं कर्ज फिटावं म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. तोफांचे गोळे, पाण्याची तारांबळ, मग कत्तल आणि लूट. लुटीलासुद्धा क्रम होता हे त्यांनी टिपलं आहे: आधी सोनंनाणं, नंतर भांडीकुंडी, कपडालत्ता, धान्य. तलवार कधी हातात न धरलेल्या माणसाने कोनाड्यात लपून पाहिलेलं हे युद्ध आहे. भीती लपवायची त्यांना गरज वाटत नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. गंगेची कावड मात्र त्यांनी आईवडिलांसाठी घरी आणली. ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापला तो बराच हात फिरवून. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये प्रसिद्ध केली. घ्यायची तर ती घ्यावी.

यानंतर मराठी शिपायाचा स्वतःचा आवाज शोधायला गेलं की हाती फार थोडं लागतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या किती तरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या शिळा आहेत. गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत एवढाच मजकूर. त्यांची पत्रं टिकली ती विचित्र कारणाने. फ्रान्समधून आणि इंग्लंडच्या इस्पितळांतून जाणारी हिंदी शिपायांची टपाल ब्रिटिश सेन्सॉर उघडून वाचत असे आणि निवडक उतारे भाषांतर करून दप्तरी ठेवत असे. डेव्हिड ओमिसी यांनी त्यातून ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ (१९९९) हे संकलन केलं. त्यात शीख, पठाण, गढवाली, राजपूत यांच्यासोबत मराठेही आहेत. सेन्सॉरला चुकवण्यासाठी शिपायांनी काढलेल्या युक्त्या मन हेलावून टाकतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी आता संपत आली, असं एखादा घरी कळवतो. मूळ पत्रं निघून गेली, उरला तो सेन्सॉरने केलेला इंग्रजी उतारा. आपल्या माणसांचे शब्द आपल्याला परक्या भाषेतून परत मिळतात याचं मला फार वाईट वाटतं.

सोलापूरचं म्हणून एकच युद्धपुस्तक सुचवा असं कुणी म्हणालं, तर ते डॉक्टर कोटणीसांविषयीचं असणार. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१०ला सोलापुरात जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपानने चीनवर आक्रमण केलेलं होतं. काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ला ते मुंबईहून निघाले आणि पुढच्या वर्षी येनानला पोचले. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, चिनी शिकले, जानेवारी १९४१मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे संचालक झाले. तिथल्याच परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलगा तीन-साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ला, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय ३२.

या कथेवर ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ (१९४४) लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली सिनेमा काढला, त्यामुळे नाव घरोघरी पोचलं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी मोठ्या आहेत. पण त्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, देशाला एक वीर हवा असताना झालेल्या आहेत. युद्धातली वैद्यकी कशी चालते हे समजायला बिजयकुमार बसूंची रोजनिशी ‘कॉल ऑफ येनान’ (१९८६) वाचावी. पथकातल्या सोबत्याने जागेवर लिहिलेली. औषधं कुठे अडकली, कुठल्या गावात मुक्काम झाला, पथकात आपापसांत काय कुरबुरी झाल्या, हे सगळं तिच्यात येतं. भाऊ मंगेश कोटणीस यांनी लिहिलेलं ‘द ब्रिज फॉर एव्हर’ (१९८२) घरच्या बाजूने बोलतं, आणि पत्नीच्या आठवणी ‘माय लाइफ विथ कोटणीस’ तिथल्या बाजूने. चौथं पुस्तक कोटणीसांवरचं नाही, तरी त्याच्याशिवाय चित्र पुरं होत नाही: टेड ॲलन आणि सिडनी गॉर्डन यांचं ‘द स्काल्पेल, द सोर्ड’ (१९५२), नॉर्मन बेथून या कॅनडियन शल्यविशारदाचं चरित्र. जखमी माणूस इस्पितळात पोचेपर्यंत मरतो, मग इस्पितळच आघाडीवर न्यावं, हा बेथूनचा विचार. शस्त्रक्रियेचं सगळं सामान खेचरांच्या पाठीवर बसेल असं त्याने बांधून घेतलं. हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना त्याच्या बोटाला कापलं, विष अंगात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ला तो गेला. त्याची जागा पुढे कोटणीसांनी घेतली. १९४०च्या शंभर रेजिमेंटांच्या मोहिमेत सलग ७२ तास शस्त्रक्रिया करणारे कोटणीस आपण भाषणांतून ऐकतो. बेथूनचं चरित्र वाचल्यावर त्या ७२ तासांत टेबलाशेजारी काय काय नव्हतं ते कळतं. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक बघायला जाणाऱ्यांनी यातलं एक तरी पुस्तक आधी वाचून जावं.

सोलापूरचा आणखी एक रणसंग्राम पुस्तकांतून नीट वाचलाच गेला नाही. १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे भारतीय फौजेचा मुख्य हल्ला सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने सुरू झाला. पहिलं मोठं ठाणं नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, वाट मोकळी झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. एस. एन. प्रसाद यांचा संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागासाठी लिहिलेला ‘ऑपरेशन पोलो’ (१९७२) हा ग्रंथ तुकड्यातुकड्यांच्या हालचाली देतो. त्याच्या जोडीला निजामाच्या फौजेचे सेनापती एल इद्रूस यांचं ‘हैदराबाद ऑफ द सेव्हन लोव्ह्ज’ वाचावं. हरणार हे ठाऊक असलेला व्यावसायिक सैनिक कसा विचार करतो ते त्यात दिसतं. रझाकारांच्या जुलमाची आणि सरहद्दीवरच्या लढ्याची बाजू अनंत भालेरावांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात आहे. आणि कारवाईच्या काळात व नंतर उस्मानाबाद, लातूर भागातल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्यासाठी पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल आहे. चारही वाचल्याशिवाय या पाच दिवसांविषयी ठाम बोलू नये असं माझं मत आहे. जाता जाता, निजामाच्या लान्सर्समध्ये तेव्हा असलेला एक अधिकारी पुढे पूना हॉर्समध्ये आला आणि १९६५च्या युद्धात मरणोत्तर परमवीरचक्राचा मानकरी ठरला: अर्देशीर तारापोर.

१९६२च्या चीन युद्धावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यात ब्रिगेडियर जॉन दळवींचं ‘हिमालयन ब्लंडर’ (१९६९) वरचढ, कारण नामका चूच्या काठावर त्यांचीच ब्रिगेड होती आणि पराभवानंतर ते सात महिने चीनच्या कैदेत होते. उन्हाळी कपड्यांत हिमालयात पाठवलेली माणसं आणि हवेतून टाकलेली, दरीत जाऊन पडलेली रसद, हे वाचताना पुन्हा पानिपतची पत्रं आठवतात. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं ‘फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट’ त्याआधी वाचलेलं बरं. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चीनच्या धोक्याचा इशारा दिला होता आणि तो बाजूला ठेवला गेला. इंग्रजीची अडचण असेल त्यांनी मेजर जनरल शशिकान्त पित्रे यांची ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ आणि ‘डोमेल ते कारगिल’ घ्यावीत. सैनिकाने मराठीत, लष्करी बारकावे न सोडता आणि वाचकाला न दमवता लिहिलेली अशी पुस्तकं आपल्याकडे मोजकीच.

बाहेरच्या जगातलं रेमार्कचं ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९२९) सगळेच सांगतात आणि योग्यच सांगतात. मी त्याच्या शेजारी स्वेतलाना अलेक्सिएविच यांचं ‘द अनवुमनली फेस ऑफ वॉर’ ठेवीन. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत स्त्रियांच्या शेकडो मुलाखतींतून ते उभं राहिलं: नेमबाज, परिचारिका, स्वयंपाकिणी, रक्ताने माखलेले कपडे धुणाऱ्या. १९८५ साली निघालं तेव्हा सेन्सॉरने बरंच कापलं होतं. ते भाग नंतरच्या आवृत्तीत परत आले, म्हणून घेताना अलीकडचीच आवृत्ती बघावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने गोडसे भटजींपासून करावी, मग पित्रे, मग बसूंची रोजनिशी, आणि मराठीइतकंच इंग्रजी सवयीचं झालं की भीमसेन. ब्रॉटन आणि ब्लॅकर स्वामित्वहक्काबाहेर गेल्यामुळे इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पगडी, शेजवलकर आणि राजवाड्यांच्या खंडांसाठी जुन्या वाचनालयाचं कपाटच उघडायला लागेल. तिथल्या ग्रंथपालांना लेखकाचं आणि ग्रंथाचं नाव लिहून द्यावं, नुसतं ‘युद्धावरचं काहीतरी’ असं सांगू नये.